पोरांनी विचारायचं कुणाला?

शेतात असाल, चुलीपुढे असाल, अंगणात बसून काही निवडत असाल, तर हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

मागच्या उन्हाळ्यात सूरजागड पहाडीच्या पायथ्याकडच्या एका गावात गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या-अंगठे झाले, एका हप्त्यावरून थोडी कुरबुर झाली आणि मिटलीही. बाया उठायला लागल्या, तशी एका मावशीने माझा हात धरला. म्हणाली, "बाई, माझ्या पोरीला काहीतरी झालं आहे."

पोरगी चौदा वर्षांची. लांबच्या आश्रमशाळेत शिकते, सुट्टीत घरी आली होती. आधी घरी आली की दिवसभर बडबड करायची. यंदा कोपऱ्यात बसून राहते, नीट जेवत नाही, आईने पाठीवर हात ठेवला तर झटकते, अर्ध्या रात्री उठून एकटीच हातपंपावर जाते. मावशीने पुजाऱ्याला दाखवलं, कोंबडं दिलं. फरक पडला नाही. हे ऐकून दुसरी म्हणाली, माझा पोरगाही तसाच. मोबाईल सोडत नाही, खर्रा खातो, बोललं की दार आपटतो. मग तिसरी. उठलेल्या सगळ्या बाया पुन्हा खाली बसल्या.

मी विचारलं, "तुम्ही त्या वयाच्या होता तेव्हा मनातलं कुणाला विचारत होता?"

कुणी बोलेना. मग भिंतीला टेकून बसलेली सगळ्यांत म्हातारी आजी हसली. ती माडियातच बोलते, सुनेने मला मराठीत सांगितलं. आजी म्हणाली, "आम्हाला कुठे विचारावं लागत होतं? पोरांना गोतूल होतं, आम्हाला कुर्मा होता."

आजचं माझं सगळं बोलणं आजीच्या या वाक्यावर आहे. बी. ए. ला माझा विषय इतिहास होता. त्यात राजे होते, लढाया होत्या, चांद्याचे गोंड राजे होते, १८५७ चा उठाव होता. १८५८ मध्ये चंद्रपूरला फाशी गेलेले आपले वीर बाबुराव शेडमाके मात्र मला पुस्तकाआधी गाण्यांतून कळले. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींचं त्या काळात काय चालायचं, त्यांना कोण समजावायचं, हा इतिहास कुठल्याच धड्यात नव्हता. तो आजीकडे होता.

गोतूल आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं आहे. आता बऱ्याच गावांत ते सभेचं घर झालं आहे. पाहुणा उतरतो, ग्रामसभा बसते, कुठे कुठे आमच्या गटाची बैठकही होते. पण आधी ते पोरांचं घर होतं. दहा-बारा वर्षांचा झाला की पोरगा रात्री गोतुलात झोपायला जायचा. तिथे मोठी पोरं असायची, सतरा-अठरा वर्षांची, लग्न न झालेली. लहानाने लाकडं आणायची, झाडलोट करायची, मोठ्याने ढोल शिकवायचा, शिकारीची रीत शिकवायची. गावात लग्न असो की मरण, कामाला गोतुलातली पोरं आधी. कुणी खोटं बोललं, कामात चुकला, तर शिक्षा पोरंच करायची, बापापर्यंत गोष्ट जायची नाही. संध्याकाळी पोरी यायच्या, रेला व्हायचा, गाणी व्हायची. मग पोरी आपापल्या घरी झोपायला जायच्या.

हे शेवटचं मी मुद्दाम सांगते आहे, कारण गोतुलाबद्दल बाहेरची माणसं भलतंच बोलतात. तालुक्याच्या गावी कॉलेजात असताना या एका शब्दावरून पोरं आमच्याकडे बघून हसायची, आणि आम्ही मान खाली घालायचो. ग्रिगसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बस्तरच्या माडियांवर पुस्तक लिहिलं, ते १९३८ मध्ये आलं. मग व्हेरियर एल्विन यांचं मुरियांच्या गोतुलावरचं जाड पुस्तक १९४७ मध्ये आलं. मुरिया लोक बस्तरचे. त्यांच्याकडे पोरं आणि पोरी दोघंही गोतुलात राहायची. आपल्या माडियांची रीत वेगळी होती. पण लोकांनी पुस्तकातलं तेवढंच एक पान उचललं आणि सगळ्या गोंडांना लावलं. एल्विन यांनी गोतुलाची टिंगल केली नव्हती, उलट त्यांना त्यात पोरांची शिस्त, जबाबदारी आणि एकमेकांची माया दिसली होती. टिंगल नंतरच्यांनी केली.

त्याच सुमाराला लांब देशांतही याच वयावर वाद चालला होता. १९०४ मध्ये अमेरिकेत स्टॅन्ली हॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी किशोरवयावर दोन मोठे ग्रंथ लिहिले. त्यांचं म्हणणं, हे वय वादळाचंच असतं, कुठल्याही घरात चुकत नाही. १९२८ मध्ये मार्गारेट मीड नावाची तरुण बाई समोआ बेटावर राहून आली आणि तिने लिहिलं की तिथल्या मुलींना या वयाचा एवढा त्रास होत नाही, म्हणजे वादळ शरीरात कमी आणि आपल्या समाजाच्या रीतीत जास्त आहे. पुढे १९८३ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकाने तिचं म्हणणं खोडून काढलं, आणि त्यावर अभ्यासक पुढेही भांडत राहिले. मी काही एवढी शिकलेली नाही. पण आजीचं वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, दोघांचंही थोडं थोडं खरं असणार. शरीर तर बदलतंच. पण त्या बदलाच्या वेळी पोराजवळ कोण बसलेलं आहे, यावर बराच फरक पडतो.

गोतुलात जवळ बसलेला माणूस बाप नव्हता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आवाज फाटला, मिसरूड फुटली, एखादी पोरगी आवडायला लागली, तर बापाला कोण विचारणार? पण दोन-तीन वर्षांनी मोठा असलेला पोरगा बाजूलाच झोपलेला असायचा, आणि तो कालच त्यातून गेलेला असायचा.

आता कुर्मा. इथे माझी जीभ थोडी अडखळते. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या, नाही तर घरामागच्या झोपडीत राहायचं. घरात पाऊल टाकायचं नाही, चुलीला हात लावायचा नाही, जेवण घरून कुणीतरी आणून ठेवायचं. पावसाळ्यात गळकं छप्पर, दिवा नाही, धड दार नाही. अशा झोपडीत साप चावून, आजाराने बाया दगावल्या आहेत. अलीकडे काही गावांत त्या जागी पक्की विसावा घरं बांधली गेली. काहीजणी म्हणतात हे बरं झालं, काही म्हणतात प्रथाच जायला हवी होती, भिंती कशाला पक्क्या केल्या. मी दुसऱ्या बाजूची आहे. पाळी म्हणजे विटाळ नव्हे, आणि त्यासाठी बाईला घराबाहेर काढणं मला पटत नाही.

पण मी हे आजीला सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली ते ऐका. म्हणाली, "माझी पहिली पाळी आली तेव्हा मी रडत होते. कुर्म्यात माझी मोठी जाऊ होती, शेजारची एक बाई होती. त्यांनी मला कापड कसं घ्यायचं ते दाखवलं, का येते ते सांगितलं, लग्नानंतरचंही सांगितलं. पाच दिवस कामही नव्हतं. तेवढंच आमचं बोलणं." आजीचं लग्न पाळी यायच्या आधीच झालेलं होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडेही ते होतं.

म्हणजे पोरांची जागा गोतूल आणि पोरींची जागा ती झोपडी. पोरांना मिळालेली जागा मानाची, पोरींना मिळालेली अपमानाची. पण जागा दोघांनाही होती.

आणि उगाच जुनं ते सोनं असंही मी म्हणणार नाही. गोतुलात शहाणपण होतं, पण शरीराची माहिती नव्हती. सिकलसेलने अंग दुखून लोळणाऱ्या पोराला भूत लागलं म्हणायचे. कुर्म्यात बायांनी एकमेकींना जे सांगितलं त्यातलं अर्धं चुकीचंही असायचं.

मग या जागा गेल्या कशा? एका दिवसात नाही. आश्रमशाळा आल्या. सहा-सात वर्षांचं लेकरू शाळेत गेलं की दिवाळीला आणि उन्हाळ्यात तेवढं घरी. गोतुलात झोपायला पोरंच उरली नाहीत. शाळा यायलाच हव्या होत्या, मी स्वतः आश्रमशाळेत शिकले म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे. पण शाळेने पुस्तक दिलं, जेवण दिलं, गोतुलाचं काम मात्र कुणी उचललं नाही. शंभर-दीडशे पोरींमागे एक अधीक्षिका. ती बिचारी हजेरी घेईल, भाजीचा हिशेब ठेवेल की एकेकीच्या मनातलं ऐकेल?

दुसरं कारण तुम्हाला सांगायची गरज नाही. १९८० नंतर या जंगलात बंदुका आल्या. रात्री दहा पोरं एका ठिकाणी जमली की एका बाजूला संशय, दुसऱ्या बाजूला वेगळा संशय. आईबापांना वाटायला लागलं, पोरगं घरातच झोपलेलं बरं. आणि तिसरं, ती टिंगल. शिकलेल्या पोरांना गोतुलाचं नाव घ्यायची लाज वाटायला लागली.

एका गावाने ते परत उभं केलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा, लेखाजवळचं. १९८० नंतरच्या त्या वर्षांतच गावाने ठरवून गोतूल बांधलं, जंगलातलं लाकूड वापरून. वनखात्याने ते पाडलं. तेव्हा आजूबाजूच्या गावांनीही आपापली गोतुलं बांधायला घेतली, आणि खात्याला माघार घ्यावी लागली. याच मेंढ्याला पुढे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. लोक ती गोष्ट जंगलाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र त्यात पहिल्यांदा गोतूल दिसतं. हक्कासाठी भांडायच्या आधी गावाला एकत्र बसायला जागा हवी होती.

तुम्ही म्हणाल, गोतूल नव्हतं त्या गावांत, नागपुरात, पुण्या-मुंबईत पोरं काय करत होती? तिथली गोष्ट मला जास्त दुःखाची वाटते. तिथे पोरींना हे वयच नव्हतं. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, पाळी आली की सासरी, पंधराव्या वर्षी कडेवर मूल. बालपण संपलं की थेट संसार, मधे काहीच नाही.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं होतं. मोठी झाल्यावर त्यांनी त्या नवऱ्याकडे जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने कोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत त्यांनी बायांचं दवाखान्याचं काम केलं. त्यांच्या खटल्याने सगळीकडे चर्चा पेटली. १८९१ मध्ये कायदा झाला, की बायको असली तरी मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत नवऱ्याने तिच्याशी संबंध ठेवू नये. त्यालाही मोठमोठ्या लोकांनी विरोध केला, लोकमान्य टिळकांनीसुद्धा. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचं वय मुलीला १४ आणि मुलाला १८ केलं. आज जे १८ आणि २१ आहे ते १९७८ मधलं. म्हणजे बघा, लहानपण आणि लग्न यांच्या मधला हा रस्ता आपल्या पोरींसाठी कायद्याने एकेक वर्ष करून मोकळा केला. मोकळा केला, पण त्यावर दिवा कुणी लावला नाही.

दिवा लावायला निघालेला एक माणूस होता. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईत गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचा दवाखाना काढला. त्या कामापायी कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचक पत्र लिहून प्रश्न विचारायचे. असे प्रश्न, की जे घरात विचारले असते तर थोबाडीत बसली असती. कर्वे सरळ उत्तर छापायचे. त्यातल्या काही उत्तरांवरून अश्लील म्हणून खटला भरला गेला, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. दंड भरून कर्व्यांनी मासिक पुढे चालू ठेवलं.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं. त्या वेळच्या मुंबईच्या शिकलेल्या पोरालाही अनोळखी माणसाला पत्र लिहावं लागत होतं, कारण जवळ कुणी नव्हतं. आपलं पोरगं तेव्हा गोतुलात होतं.

आता परत आपल्या जिल्ह्यात या. १९८२ मध्ये चांद्यातून गडचिरोली वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथे आले. राणीताई चंद्रपूरच्याच, बायांच्या आजाराच्या डॉक्टर. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बाया तपासल्या, त्यात लग्न न झालेल्या मुलीही होत्या. १०० मध्ये ९२ जणींना कुठला ना कुठला अंगावरचा आजार निघाला. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या १०० मध्ये ८ जणी फक्त. जानेवारी १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या विलायतेच्या डॉक्टरी साप्ताहिकात छापून आलं आणि जगभर त्यावर बोललं गेलं. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच सगळे धरून चालत होते. आजार एवढे होते आणि बाया गप्प होत्या, कारण बोलायची सवयच लावली नव्हती. कुठल्या वयात लागायला हवी होती ती सवय? याच वयात.

बाईच्या दुखण्यापासून सुरू झालेलं हे काम पुढे किशोरवयीन मुलामुलींपर्यंत गेलं. राणीताईंच्या 'तारुण्यभान' शिबिरांत शरीर कसं बदलतं, प्रेम म्हणजे काय, आकर्षण म्हणजे काय, व्यसन कसं लागतं, हे मुलामुलींसमोर मोकळेपणाने बोललं जातं. ती शिबिरं आपल्या जिल्ह्यातून निघून महाराष्ट्रभर गेली. तरी २००७ मध्ये जेव्हा सरकारकडून शाळांसाठी असाच अभ्यास आला, तेव्हा आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो थांबवला गेला. पोरं बिघडतील म्हणे. कर्व्यांनाही हेच ऐकवलं होतं.

मला हसू येतं, कारण तेच वाक्य मीही बोलले आहे. माझा पोरगा तेरा वर्षांचा आहे. मागच्या वर्षी एक दिवस तो माझ्यामागे स्वयंपाकघरात घुटमळत होता. काहीतरी विचारायचं होतं. रात्री अंथरूण ओलं होतं, लघवी नाही, मग काय, असं कसंबसं बोलला. मी तारुण्यभानबद्दल चार गावांत बोलून आलेली बाई. मी म्हणाले, "जा, बाबांना विचार." बाबा म्हणाले, "अभ्यास कर, डोक्यात नको ते येणार नाही." पोरगं आठ दिवस माझ्याशी बोललं नाही. शेवटी माझ्या भावाने, त्याच्या मामाने, त्याला मासे पकडायला नदीवर नेलं आणि सांगितलं, की हे सगळ्या पोरांना होतं, हा आजार नाही, याने ताकद जात नाही. पोरगं शीळ घालत घरी आलं. गोतुलाचं काम त्या दिवशी मामाने केलं.

आणि त्या मावशीची पोरगी? मी दुसऱ्या दिवशी थांबले. तिला घेऊन नाल्यावर गेले, कपडे धुवायचं निमित्त. तासभर काही बोलली नाही. मग विचारलं, "बाई, आतून रक्त जात राहिलं तर माणूस किती दिवस जगतो?" तिला चार महिन्यांपासून पाळी येत होती. शाळेत कुणाला सांगितलं नाही. जुनी ओढणी फाडून वापरायची, रात्री धुवायची, कुणाला दिसू नये म्हणून ओलीच घ्यायची. मांड्या सोलून निघाल्या होत्या. घरी आईला सांगितलं तर कुर्म्यात पाठवतील ही भीती. चार महिने ते लेकरू मरणाची वाट बघत होतं, आणि आपण कोंबडं कापत होतो.

तिला आरोग्य केंद्रात नेलं. रक्त कमी निघालं. दर आठवड्याची ती निळी गोळी शाळेत मिळते, ती ही पोरगी खिशात घालून फेकून द्यायची, कारण कुणीतरी सांगितलं होतं की त्याने मूल होत नाही. बायांनो, ती गोळी लोहाची आहे. मुलामुली दोघांसाठी आहे. पोरगी थकलेली दिसली तर आळशी म्हणायच्या आधी रक्त तपासा, आणि आपल्याकडे सिकलसेलचीही तपासणी करून घ्या.

त्यानंतर आम्ही गटातर्फे एक काम सुरू केलं आहे. शनिवारी संध्याकाळी गोतुलातच पोरी बसतात, रविवारी पोरं. पोरींमध्ये मी आणि आशाताई, पोरांमध्ये कॉलेजला जाणारे गावचेच दोन मुलगे. आईबाप बाहेर. एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्याला फट पाडली आहे. ज्याला तोंडाने विचारायला लाज वाटते त्याने चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही. युक्ती माझी नाही, कर्व्यांच्या वाचकांची आहे.

चिठ्ठ्यांत काय येतं ते ऐकलं तर तुम्हाला झोप येणार नाही. माझी उंची का वाढत नाही. माझ्या छातीत गाठ आहे, कॅन्सर असेल का. (ही चिठ्ठी एका पोराची होती. या वयात बऱ्याच पोरांना स्तनाग्रामागे अशी गाठ येते आणि बहुधा आपोआप जाते, तरी एकदा डॉक्टरला दाखवलं.) खर्रा सोडला की डोकं दुखतं, काय करू. मला जगावंसं वाटत नाही. ही शेवटची चिठ्ठी आली त्या दिवशी आम्ही कुणालाच घरी एकटं जाऊ दिलं नाही, आणि तेव्हापासून दोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत: मुलांच्या कुठल्याही संकटासाठी १०९८, आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६. दोन्ही फुकट आहेत. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' कक्ष असतो, तिथेही पोरं एकटी जाऊन बोलू शकतात.

एक विषय अवघड आहे, पण सांगायलाच हवा. आपल्याकडे पोरीला पोरगा आवडला तर ती त्याच्या घरी निघून जायची, पंच बसायचे, दंड-जेवण व्हायचं, मिटायचं. पोरीला पसंतीचा हक्क होता, त्याचा मला अभिमान आहे. पण २०१२ च्या कायद्यानंतर मुलगी १८ च्या आतली असेल तर ती स्वतःहून गेली असली तरी कायदा तिची हो धरत नाही. पोरावर गुन्हा दाखल होतो आणि जामीन सहज मिळत नाही. पंचांनी मिटवलं म्हणून ते मिटत नाही. हे पोरांना आपण सांगितलं नाही तर पोलीस ठाण्यात कळेल. खाणीमुळे २०१६ पासून रस्त्यावर ट्रक वाढले, बाहेरची माणसं वाढली, पोरांच्या हातात पैसा आणि मोबाईल आला. खाणीबद्दल आपल्यात दोन मतं आहेत, त्यावर आज बोलत नाही. पण जे प्रश्न गोतुलात विचारले जायचे ते आता मोबाईलला विचारले जातात, आणि तो जे दाखवतो ते बघून पोरं आणखी घाबरतात, नाही तर भलतंच शिकतात.

शनिवारच्या बैठकीवर गावात कुरकुर झाली. एका घराने पोरीला पाठवणं बंद केलं. गायता म्हणाला, गोतुलात पाळीचं बोलणं नको. तेव्हा म्हातारी आजी काठी टेकत आली आणि दारात बसली. काही बोलली नाही, नुसती बसून राहिली, बैठक संपेपर्यंत. पुढच्या शनिवारीही आली. गायत्याची नात तिसऱ्या शनिवारी आली.

ती मावशीची पोरगी सुट्टी संपवून शाळेत परत गेली. जाताना तिने माझ्याकडून सुती कापडाच्या सहा घड्या नेल्या, स्वतःसाठी दोन आणि खोलीतल्या मैत्रिणींसाठी चार. कापड उन्हात वाळवायचं, हे ती त्यांना सांगणार होती.

मागच्या रविवारी डब्यात एकच चिठ्ठी निघाली. लिहिलं होतं, प्रश्न माडियात लिहिला तर चालतो का. चालतो, म्हणून सांगितलं. वाचायला आजीची सून आहे.